नाकातलं जनुक मेंदूतला पत्ता कसा ठरवतं?

एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आम्हाला शिकवलं की नाकातल्या प्रत्येक वासपेशीत रिसेप्टरचं एकच जनुक चालू असतं आणि त्या जनुकाच्या सगळ्या पेशींचे तंतू मेंदूत एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. मग मेंदूतला पत्ता त्या जनुकातच लिहिलेला असतो का? या पेशी मरून नव्या येत राहतात, तरी जोडणी बिघडत कशी नाही? आणि एक घरचा प्रश्न. कोविडनंतर माझ्या आईला कॉफीचा आणि कांदा परतल्याचा वास कुजल्यासारखा येतो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?"

तिन्ही प्रश्न एकाच धाग्यात ओवलेले आहेत, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे. आधी थोडक्यात सांगते. रिसेप्टर म्हणजे वासाचा रेणू ज्याला चिकटतो ते पेशीवरचं प्रथिन. त्याचं जनुक बदललं की पत्ता बदलतो, हे खरं. पण पत्ता जनुकात लिहिलेला नसतो. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा वर्गात "रिसेप्टर म्हणजे तंतूचा पिनकोड" असं सांगत असे. ते चूक होतं, आणि का चूक होतं हे समजायला मला बरीच वर्षं लागली. रिसेप्टर पेशीच्या आत सतत हलकी कुजबुज करत असतो. त्या कुजबुजीच्या जोरावर पेशी आपल्या तंतूवर कोणती प्रथिनं लावायची ते ठरवते, आणि शेजारच्या तंतूंशी तुलना होऊन जागा ठरते. म्हणजे पत्ता हा सगळ्यांनी मिळून लावलेल्या रांगेचा परिणाम असतो.

ही जोडणी प्रत्यक्ष कशी दिसते ते आधी बघू, कारण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा प्रश्न किती विलक्षण आहे ते कळत नाही. १९९६ साली पीटर मोम्बेर्ट्स, रिचर्ड ॲक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पी२ नावाच्या रिसेप्टरच्या जनुकामागे एक विकर (एन्झाइम) जोडलेला उंदीर तयार केला. तो विकर थेट तंतूच्या टोकापर्यंत पोचेल अशी सोय केली होती. ज्या पेशीत पी२ चालू, तिच्यात हा विकर तयार होतो. योग्य रसायनात ऊतक ठेवलं की तेवढीच पेशी आणि तिचा तंतू निळा होतो, बाकी सगळं फिकट राहतं.

हा प्रयोग मी पहिल्यांदा स्वतः केला तेव्हा उंदराचं डोकं मधोमध उभं कापून रात्रभर ३७ अंशांना ठेवलं होतं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. नाकाच्या आतल्या वळ्यांवर निळे ठिपके विखुरलेले होते, चिमूटभर नीळ उधळावी तसे, कसलाही क्रम नाही. प्रत्येक ठिपक्यातून एक केसाहून बारीक निळी रेघ निघालेली. या रेघा आधी एकेकट्या, वाकड्यातिकड्या, मग दोन-दोन चार-चार मिळून, चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर मेंदूत शिरलेल्या. आणि घ्राणकंदावर, म्हणजे ज्याला सगळे ऑल्फॅक्टरी बल्ब म्हणतात त्यावर, एकच घट्ट निळा ठिपका. हजारो रेघा तिथे येऊन संपलेल्या. आजूबाजूला शेकडो तसेच गोळे होते, पण एकही निळा नव्हता. एका तंतूनेही शेजारचं घर चुकून गाठलेलं नव्हतं.

त्या गोळ्याला ग्लोमेरुलस म्हणतात. उंदराच्या प्रत्येक घ्राणकंदात असे सुमारे १८०० ते २००० असतात, आणि एका रिसेप्टरचे साधारण दोन: एक नाकाच्या मधल्या भिंतीकडच्या बाजूला (डोकं मधोमध कापल्यावर मला दिसला तो हाच), एक बाहेरच्या. वेगवेगळ्या उंदरांत ही जागा थोडी इकडेतिकडे सरकते, काही रिसेप्टरांची बरीच सरकते, पण परिसर तोच राहतो.

आता आकडा लक्षात घ्या. लिंडा बक आणि ॲक्सेल यांनी १९९१ साली रिसेप्टरची ही जनुकं शोधून काढली, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. उंदरात अशी हजाराहून जास्त चालू जनुकं आहेत, माणसात सुमारे ४००. सस्तन प्राण्यांतलं हे जनुकांचं सर्वांत मोठं कुटुंब. म्हणजे प्रश्न दुहेरी आहे. एका पेशीने हजारांतून एकच जनुक निवडायचं, आणि तीच निवड तिच्या तंतूला कळवायची.

निवडीचं आधी सांगते, कारण पुढच्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. ही जनुकं जवळपास सगळ्या गुणसूत्रांवर पुंजक्यांनी पसरलेली आहेत. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची, आणि पेशी त्या दोनांतलीही एकच वापरते. सुरुवातीला अनेकांना वाटायचं की रोगप्रतिकारक पेशींसारखं इथेही डीएनए कापून जोडलं जात असणार. २००४ साली एका प्रगल्भ वासपेशीच्या केंद्रकापासून अख्खा उंदीर क्लोन करण्यात आला. त्याच्या नाकात सगळ्या तऱ्हेचे रिसेप्टर व्यवस्थित होते. डीएनए कापलं गेलं असतं तर तो उंदीर जन्मभर एकच रिसेप्टर घेऊन बसला असता. म्हणजे डीएनएला धक्का लागत नाही, फक्त कोणतं पान उघडायचं तेवढं ठरतं.

स्टाव्ह्रोस लोम्वार्डास यांच्या प्रयोगशाळेने ही पानं कशी मिटतात ते दाखवलं. पेशी तयार होत असतानाच ही सगळी जनुकं घट्ट गुंडाळून केंद्रकात गठ्ठ्यांसारखी एकत्र ठेवली जातात. जनुकं चालू करणारे डीएनएचे ६३ तुकडे त्यांनी शोधले आणि त्यांना ग्रीक बेटांची नावं दिली. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची ही बेटं केंद्रकात एकमेकांजवळ येतात, आणि त्यांच्या घोळक्यात सापडलेलं एकच जनुक उघडतं. त्या जनुकाचं प्रथिन तयार होऊ लागलं की पेशीच्या प्रथिन-कारखान्यात ताण येतो, तो ताण केंद्रकाला कळतो, आणि निवड तिथेच पक्की होते. दुसरं जनुक उघडायची दारं बंद. हा "ताण" लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

इथपर्यंत निवड झाली. आता तंतूकडे वळू.

जनुक खरंच पत्ता ठरवतं का, हे तपासायचा सरळ मार्ग म्हणजे अदलाबदल. १९९० च्या दशकातच ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेने पी२ च्या जागी एम१२ या दुसऱ्या रिसेप्टरचा भाग बसवला. पी२ निवडणाऱ्या पेशी आता एम१२ बनवू लागल्या. त्यांचे तंतू पी२ च्या घरी गेले नाहीत. पण एम१२ च्या घरीही गेले नाहीत. ते तिसऱ्याच ठिकाणी गेले आणि तिथे नीट एकत्र आले. रिसेप्टरचा भाग नुसताच काढून टाकला, तर तंतू भरकटले, एका जागी जमलेच नाहीत.

या निकालावर मी विद्यार्थ्यांना नेहमी थांबवते. बरेच जण "रिसेप्टर बदलला की पत्ता बदलला" एवढंच टिपून पुढे जातात. खरी माहिती त्या तिसऱ्या ठिकाणात आहे. रिसेप्टर हा पिनकोड असता तर तंतू थेट एम१२ च्या दारात गेले असते. ते गेले नाहीत, म्हणजे रिसेप्टरशिवाय आणखी काहीतरी पत्त्यात मिसळलेलं आहे.

ते आणखी काहीतरी म्हणजे पेशी नाकात कुठे बसली आहे ते. वरच्या भागातल्या पेशींचे तंतू घ्राणकंदाच्या वरच्या भागात जातात, खालच्या भागातल्यांचे खालच्या. हा वर-खाली अक्ष मुख्यतः पेशीच्या जागेवर ठरतो. रोबो, न्यूरोपिलिन-२ आणि त्यांना दूर लोटणारी स्लिट, सेमाफोरिन-३एफ ही प्रथिनं ते काम करतात. कोणता रिसेप्टर निवडता येईल यावरही नाकातल्या पट्ट्याचं बंधन असतं, म्हणून एरवी या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात. अदलाबदलीच्या प्रयोगात त्यांची फारकत झाली: रिसेप्टर एम१२ चा, पण पेशी पी२ च्या गल्लीतली.

मग पुढे-मागे हा दुसरा अक्ष कोण ठरवतं? इथे जपानमधल्या हितोशी साकानो यांच्या गटाचं काम येतं, आणि माझ्या मते या विषयातलं सर्वांत सुंदर काम तेच आहे. २००६ साली ताकेशी इमाई, साकानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रिसेप्टर तंतूला जी दिशा देतो, ती सीएएमपी या छोट्या रेणूमार्फत. वासाचा रेणू रिसेप्टरला चिकटला की पेशीत सीएएमपी वाढतो, हे सगळ्यांना माहीत होतं. नवीन गोष्ट ही की तोच रेणू वाढत्या तंतूत दिशा ठरवण्याचंही काम करतो. त्यांनी रिसेप्टरचा असा बदललेला प्रकार घेतला जो सीएएमपी वाढवूच शकत नाही. त्याचे तंतू पुढच्या भागातच अडकून राहिले, नीट एकत्रही येईनात. मग त्याच पेशींत सीएएमपी वाढवायची वेगळी सोय केली, तर तंतू पुन्हा जमू लागले. सीएएमपी जास्त असेल तर तंतू मागे सरकतात, कमी असेल तर पुढे. मधला दुवा न्यूरोपिलिन-१ हे प्रथिन: सीएएमपी जितका जास्त, तितकं ते तंतूवर जास्त.

आता तुमच्या मनात येईल की उंदराचं पिल्लू अजून गर्भात आहे, हवेतला वास त्याच्या नाकात पोचतच नाही, मग रिसेप्टर सीएएमपी वाढवतो कशाने? उत्तर आहे: काहीही न चिकटता. या जातीचे रिसेप्टर स्वस्थ बसत नाहीत. त्यांचा आकार आपोआप क्षणभर "चालू" स्थितीत जातो आणि परत येतो. प्रत्येक रिसेप्टरच्या अमिनो आम्लांच्या रचनेनुसार हे कमी-जास्त वेळा होतं. २०१३ साली याच गटाने दाखवलं की तंतूची पुढे-मागे जागा या आपोआपच्या हालचालीवर ठरते, बाहेरून काय चिकटतं यावर नाही. मी सुरुवातीला कुजबुज म्हटलं ती हीच. हजार रिसेप्टर, हजार वेगवेगळ्या पट्टीतल्या कुजबुजी.

याला पुष्टी देणारा एक प्रयोग मला फार आवडतो. २००४ साली मोम्बेर्ट्स यांच्या गटाने एम७१ या वासरिसेप्टरच्या जागी बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर बसवला. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल ज्याला जाऊन चिकटतं तोच हा, वासाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही त्या पेशींचे तंतू व्यवस्थित एकत्र आले आणि त्यांनी स्वतःचे ग्लोमेरुलस बांधले. पत्ता वासरिसेप्टरच्या जनुकात लिहिलेला असता तर हे घडायलाच नको होतं. त्या परक्या रिसेप्टरकडे पत्ता नव्हता, पण सीएएमपी वाढवायची क्षमता होती, आणि तेवढी पुरली.

आता "तुलना" हा शब्द मी वर वापरला त्याबद्दल. न्यूरोपिलिन-१ जास्त असलेला तंतू मागे जातो, म्हणजे घ्राणकंदावर मागच्या बाजूला कोणी पाटी लावलेली असते असं मुळीच नाही. २००९ साली दिसलं की तंतू घ्राणकंदाला पोचायच्या आधीच, वाटेत जुडीत असतानाच, एकमेकांपासून वेगळे होत जातात. न्यूरोपिलिन-१ आणि त्याला दूर लोटणारं सेमाफोरिन-३ए यांचं प्रमाण तंतूगणिक वेगवेगळं असतं आणि ते एकमेकांना ढकलत आपापला क्रम लावतात. आषाढीची पालखी आठवा. दिंड्यांचा क्रम पंढरपुरात पोचल्यावर लागत नाही. कोणती दिंडी रथापुढे, कोणती रथामागे, हे वाटेवरच पाळलेलं असतं, आणि प्रत्येक दिंडीची जागा तिच्या पुढच्या-मागच्या दिंडीवरून ठरते. जुडीतले तंतूही तसेच चालतात. म्हणूनच आजूबाजूचे तंतू बदलले तर एखाद्या तंतूची जागाही बदलते. निश्चित पिनकोडाच्या कल्पनेत हे बसूच शकत नाही.

एवढ्याने फक्त ढोबळ जागा मिळते. मी पाहिलेला तो स्वच्छ निळा गोळा, ज्यात एकही परका तंतू नाही, तो दुसऱ्या पायरीवर घडतो. जन्माच्या सुमारास पेशी प्रगल्भ होतात, त्यांच्यात विद्युत हालचाल सुरू होते, आणि ती रिसेप्टरच्या जातीनुसार वेगळी असते. तिच्यावर ठरतं की तंतूवर किरेल-२ किती आणि किरेल-३ किती. ही दोन्ही चिकट प्रथिनं आहेत, सारखं सारख्याला धरतं. सोबत इफ्रिन-ए५ आणि त्याचा जोडीदार इफए५, हे एकमेकांना झटकतात. ज्यांच्यावर सारखं मिश्रण ते तंतू एकमेकांना बिलगतात, वेगळं मिश्रण असलेले बाजूला होतात. २०१९ साली साकानो यांच्याच परंपरेतल्या गटाने प्रकाशाने पेशी चाळवून दाखवलं की नुसती किती हालचाल एवढंच महत्त्वाचं नाही. हालचालीचा ताल, म्हणजे ठोके सलग पडतात की अंतराने, यावर वेगवेगळी प्रथिनं चालू होतात. हे वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावून तो शोधनिबंध फळ्यावर उतरवला होता. मात्रा त्याच, पण एकताल आहे की चौताल, हे पेशीला कळतं.

आणि आता तो ताण. २०२२ साली लोम्वार्डास यांच्या गटाने दाखवलं की रिसेप्टर बनवताना प्रथिन-कारखान्यात जो ताण येतो तो प्रत्येक रिसेप्टरचा वेगळा असतो, कारण प्रत्येकाची घडी घालायला वेगवेगळा त्रास पडतो. निवड पक्की करणारा तोच ताण, त्याच्या कमी-अधिक प्रमाणानुसार, तंतूला वाट दाखवणाऱ्या जनुकांनाही चालना देतो. म्हणजे सीएएमपीखेरीज हा दुसरा मार्ग. दोन्ही मार्गांचं मूळ एकच, रिसेप्टरच्या प्रथिनाचा घाट. जनुकाचा क्रम बदलला, घाट बदलला, कुजबुज आणि ताण दोन्ही बदलले, म्हणून तंतूची जागा बदलली. तुमच्या "पत्ता जनुकातच लिहिलेला असतो का" या प्रश्नाचं माझं उत्तर ही साखळी आहे.

हे सगळं सस्तन प्राण्यांचं झालं. फळमाशीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायला मला विशेष आवडतं, कारण तिचा बराच भाग मुंबईत घडला. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबैद सिद्दीकी यांनी १९६० च्या दशकात रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. तिथे केनियात जन्मलेल्या, गोव्याचं मूळ असलेल्या वेरोनिका रॉड्रिग्ज पीएचडीसाठी आल्या. १९७८ साली त्या दोघांनी वास नीट न ओळखणाऱ्या फळमाश्यांचे उत्परिवर्ती प्रकार वेगळे काढले. रिसेप्टरची जनुकं सापडायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती, माशीतली तर १९९९ साली सापडली. १९८८ साली रॉड्रिग्ज यांनी वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूतले वेगवेगळे ग्लोमेरुलस जागे होतात हे दाखवलं. पुढे २००४ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामाने दाखवलं की माशीच्या वासतंतूंची जागा रोबो प्रथिनाच्या प्रमाणावर ठरते. रोबो, म्हणजे उंदरात वर-खाली अक्ष लावणारं तेच प्रथिन. २०१० साली रॉड्रिग्ज गेल्या. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात बक आणि ॲक्सेल असतात, त्यांचं नाव फारसं नसतं. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माशीत रिसेप्टर तंतूला वाट दाखवत नाही. रिसेप्टर काढून टाकला किंवा बदलला तरी तंतू ठरल्या घरीच जातो. माशीच्या वासरिसेप्टरांची घडणच निराळी आहे. ते सीएएमपीमार्फत काम करणाऱ्या कुटुंबातले नाहीत, ते सरळ आयनांची दारं आहेत. मेंदूतल्या पुढच्या पेशी मिशांमधले (अँटेनांमधले) तंतू यायच्या आधीच आपापल्या जागा मांडून बसतात, आणि पेशीची वंशावळ रिसेप्टर आणि तंतूची वाट या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवून देते.

का बरं असं? मला हे उत्तर पटतं. माशीकडे सुमारे ६० रिसेप्टर जनुकं आणि ५० च्या आसपास ग्लोमेरुलस आहेत. एवढ्या घरांचे पत्ते एकेक करून ठरवता येतात. उंदराकडे हजार. त्यातही ही जनुकं उत्क्रांतीत सतत दुप्पट होत, बदलत, मरत असतात. माणसात तर कामाच्या जनुकांइतकीच मेलेली जनुकं पडून आहेत. प्रत्येक नव्या रिसेप्टरसाठी वेगळा पत्ता लिहायचा असता तर दोन उत्परिवर्तनं एकाच वेळी जुळून यावी लागली असती. इथे तसं लागत नाही. जनुकाची प्रत निघाली, तिच्यात दोन-चार अक्षरं बदलली, की नवा वास ओळखायची क्षमता आणि मेंदूतलं नवं घर एकदमच मिळतं.

माणसाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पाठ्यपुस्तकात उंदराचा "एक रिसेप्टर, दोन ग्लोमेरुलस" हा नियम माणसालाही लावतात. २००८ साली माणसांच्या घ्राणकंदांत मोजणी झाली तेव्हा सरासरी सुमारे ५५०० ग्लोमेरुलस निघाले. रिसेप्टर ४०० च्या आसपास, म्हणजे एकामागे डझनाहून जास्त. उंदराचा हिशेब जसाच्या तसा आपल्याला लागू करू नका. शिवाय हा सगळा सुबक नकाशा घ्राणकंदापुरताच. तिथून पुढच्या मेंदूपटलात, पिरिफॉर्म भागात, एका ग्लोमेरुलसची माहिती दूरवर विखुरली जाते आणि बराचसा अर्थ अनुभवाने लागतो.

आता दुसरा प्रश्न. नाकातल्या वासपेशी उघड्यावर असतात, धूळ, विषाणू, धूर सोसतात, म्हणून त्या आयुष्यभर खालच्या मूलपेशींपासून नव्याने बनत राहतात. प्रत्येक नव्या पेशीला नवा तंतू काढून चाळणीच्या हाडातून आपलं घर शोधावं लागतं. हे कसं जमतं ते दोन प्रयोग शेजारी ठेवले की दिसतं. २००० साली फक्त पी२ च्या पेशी निवडून मारल्या. नव्या पी२ पेशी आल्या आणि त्यांचे तंतू जुन्याच घरी गेले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने अख्खी वासनस सरसकट कापली. नवे तंतू आले, वासनस पुन्हा उभी राहिली, पण पी२ चे तंतू आता एका घरी न जाता भलत्याच अनेक घरी विखुरले.

फरक वाटाड्यांचा आहे. पहिल्या प्रयोगात बाकीची दिंडी जागेवर होती, नव्यांनी आपला क्रम त्यांच्यावरून लावला. दुसऱ्यात सगळीच दिंडी मोडली. २०१४ साली दोन स्वतंत्र गटांनी हे आणखी स्पष्ट केलं: मूळ नकाशा जन्मानंतरच्या साधारण पहिल्या आठवड्यातच आखला जातो. त्यानंतर येणारे तंतू नवा नकाशा आखत नाहीत, ते आधीच्या तंतूंच्या मागोमाग जातात. त्या काळात नकाशा चुकीचा आखला गेला तर नंतरचे तंतू तीच चूक पुढे चालवतात.

आणि इथून तुमच्या आईंकडे. कोविडचा विषाणू वासपेशीत थेट शिरत नाही, कारण त्याला लागणारं एसीई-२ हे दार तिच्यावर नसतं. ते शेजारच्या आधारपेशींवर असतं. त्या पडल्या की परिसर कोलमडतो. २०२२ साली हॅमस्टर आणि कोविडने मृत्यू पावलेल्या माणसांच्या ऊतकांत दिसलं की वासपेशींच्या केंद्रकातली ती गठ्ठ्यांची मांडणी उसकटते आणि रिसेप्टरची जनुकं मंदावतात. संसर्ग न झालेल्या पेशींतही. वास अचानक जातो त्याचं हे एक कारण. पुढे पेशी परत येतात, पण सगळ्या एकदम येत नाहीत.

कॉफी, कांदा, लसूण, भाजलेलं मांस, अंडी हेच पदार्थ विकृत वासाच्या तक्रारीत पुन्हापुन्हा येतात, तुमच्या आईंचंही तेच. हा योगायोग नाही. त्यात अतिशय कमी प्रमाणातही जाणवणारी गंधकयुक्त किंवा भाजणीत तयार होणारी द्रव्यं असतात, कॉफीतलं २-फ्युरानमिथेनथायॉल त्यातलं मुख्य. कॉफीच्या वासाला एरवी अनेक रिसेप्टर मिळून दाद देतात. त्यातले मोजकेच परतले असतील तर मेंदूला अर्धवट सूर ऐकू येतो, आणि ज्यांना अत्यल्प द्रव्यही पुरतं ते रिसेप्टर त्यात वरचढ होतात. दुसरं स्पष्टीकरण वासनस कापल्याच्या प्रयोगातून येतं: परतलेले काही तंतू भलत्या ग्लोमेरुलसमध्ये शिरले असतील. माझा कल पहिल्याकडे जास्त आहे, कारण अनेकांची तक्रार काही महिन्यांनी आपोआप कमी होते, आणि अर्धवट भरलेली जागा भरत जाणं हे त्याच्याशी जास्त जुळतं. काही रुग्णांत दोन्ही असू शकतं.

करण्यासारखं काय? आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, नाकातली गाठ किंवा सायनसचा त्रास नाही ना ते पाहून घ्या. मग वासाचा सराव. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली ही पद्धत अगदी साधी आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, असे चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येकी दहाएक सेकंद, किमान १२ आठवडे. नुसतं हुंगायचं नाही, तो वास पूर्वी कसा होता ते मनात आणत हुंगायचं. चारही गोष्टी आपल्या घरात मिळतात. लिंबाची साल नखाने जरा खरवडायची, लवंग ठेचायची, निलगिरी कापसावर दोन थेंब. कॉफी आणि परतलेला कांदा सध्या सरावात घेऊ नका, त्याने जेवणाचाच तिटकारा बसतो. आईंना गरम फोडणीपेक्षा थंड किंवा कोमट जेवण सोसेल, कारण वाफेबरोबर नाकात जाणारी द्रव्यं कमी होतात. दहीभात, काकडीची कोशिंबीर, फळं यावर बऱ्याच जणांचे हे महिने निभावतात. वहीत दर आठवड्याला एक ओळ लिहून ठेवायला सांगा: लवंग आज कशी वाटली. रोजच्या रोज बदल कळत नाही, वही मागे चाळली की कळतो. आणि घरात गॅस असेल तर गळती कळवणारं यंत्र बसवून घ्या. सिलिंडरला जो वास मुद्दाम घातलेला असतो तोही गंधकयुक्तच आहे, आणि सध्या आईंच्या नाकावर त्या बाबतीत भरवसा ठेवता येणार नाही.